दोन चाके आणि पाच गिअर

वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी घरातल्या बाईने मोटारसायकल शिकण्याचा मनोदय जाहीर केला, की घरात जे भरते त्याला सभा हाच शब्द योग्य. आमच्याकडे ती 2024 सालच्या फेब्रुवारीत एका रविवारी सकाळी, पोह्यांच्या बशा रिकाम्या झाल्यावर भरली. अध्यक्षस्थानी अर्थातच सासूबाई होत्या. ह्यांनी ठरावाला विरोध केला नाही, पण अनुमोदनही दिले नाही. गाडी त्यांची असल्यामुळे त्यांची भूमिका मोठी नाजूक होती. मुलीने टाळ्या वाजवल्या. तिला मत नाही, कारण तिला तेव्हा अठरा पूर्ण व्हायची होती.

"आणि पडलीस म्हणजे?" सासूबाईंनी विचारले.

"पडूनच आले आहे ना," मी कोपर पुढे करून म्हटले. कोपराला तीन टाके होते.

ते टाके दिवे घाटातले. आम्ही राहतो हडपसरला आणि मी मराठी शिकवते ते सासवडच्या बाजूला. जाऊन-येऊन चाळीसेक किलोमीटर आणि मध्ये घाट. आषाढी वारीत माउलींची पालखी हा घाट चढते, तेव्हा वर्तमानपत्रांत त्याची छायाचित्रे येतात आणि तो फार सुंदर दिसतो. जानेवारीतल्या सकाळी साडेसहा वाजता, पुढे उसाची ट्रॉली आणि मागे कर्णा वाजवणारा टेम्पो असताना, तो तितकासा सुंदर दिसत नाही. त्या दिवशी मी परतत होते. उतारावर एका वळणाशी रस्त्याला खड्डा पडला होता आणि खड्ड्यातली खडी बाहेर पसरली होती. स्कूटरचे पुढचे चाक त्यात गेले ते परत वर आलेच नाही. मागून काही येत नव्हते, म्हणून हा लेख लिहायला मी आहे.

टाके घालून घेताना माणसाला विचार करायला पुष्कळ वेळ मिळतो. माझ्या स्कूटरचे पुढचे चाक दहा इंची रिमचे. ह्यांच्या मोटारसायकलचे सतरा इंची. लहान चाक खड्ड्यात उतरते, मोठे चाक पुष्कळदा त्याच्या काठांवरून पलीकडे जाते. यात पदार्थविज्ञानाचे काही गूढ नाही. बैलगाडीचे चाक पुरुषभर उंच का करत, हे ज्याला कळले त्याला हेही कळले. ती मोटारसायकल गेले वर्षभर आमच्या इमारतीखाली कापडी खोळ पांघरून उभी होती. दीडशे सीसीची, पाच गिअरची. ह्यांच्या कमरेतली चकती सरकल्यापासून डॉक्टरांनी त्यांना दुचाकी बंद केली होती. दर रविवारी हे खाली जात, खोळ काढत, गाडी पाच मिनिटे चालू ठेवत आणि पुन्हा खोळ घालून वर येत. ते मला बघवत नसे. विकायचे नाव काढले की ते वर्तमानपत्र उघडून बसत.

सभेचा निर्णय असा झाला, की माझ्या वडिलांना विचारावे. सासूबाईंना खात्री होती की ते नाही म्हणतील. खरे सांगायचे तर मलाही होती.

त्याला कारण आहे. आमच्या माहेरी चेतक होती. बजाजने ही स्कूटर 1972 साली बाजारात आणली आणि तिला राणा प्रतापाच्या घोड्याचे नाव दिले. बाबांनी ती 1977 साली नोंदवली आणि आमच्या दारात आली ती 1984 साली. आजच्या मुलांना हे सांगितले तर त्यांना वाटते, की आपण अतिशयोक्ती अलंकार शिकवत आहोत. पण स्कूटरसाठी वर्षानुवर्षे थांबणे ही त्या काळच्या मध्यमवर्गाची नेहमीची गोष्ट होती. त्या स्कूटरवर आम्ही चौघे बसत असू. दादा पुढे उभा, मी बाबा आणि आई यांच्यामध्ये आणि आई एका बाजूला पाय सोडून, एका हाताने स्टेपनीला धरून. पेट्रोलपंपावर पेट्रोलमध्ये ऑइल मोजून घालावे लागे. सकाळी ती सुरू झाली नाही तर बाबा तिला एका कुशीवर कलती करत, पुन्हा उभी करत आणि मग किक मारत. तरीही नाही झाली तर प्लग काढून पॉलिश पेपरने घासत. हे सर्व विधी दादाने आणि मी सारख्याच भक्तिभावाने पाहिले होते.

पण शिकवले दादाला. 1994 सालची गोष्ट. दादा अठरा वर्षांचा झाला आणि बाबा त्याला रविवारी सकाळी मैदानावर घेऊन जाऊ लागले. मीही जाई. मी तेव्हा सोळा वर्षांची होते आणि माझ्याकडे काम होते ते दादाच्या चपला धरण्याचे, कारण त्याला बाबांचे बूट घालून चालवायचे होते. चेतकचा गिअर डाव्या मुठीत. क्लच दाबायचा आणि मूठ मनगटातून फिरवायची. मुठीवर आकडे असत. मी मैदानाच्या कडेला उभी राहून हवेत मूठ फिरवत असे. पुढे मी अठराची झाले तेव्हा बाबांनी मला हप्त्यांवर बिनगिअरची गाडी घेऊन दिली. "मुलींना ही बरी," ते म्हणाले. बरी होतीच. 1972 पासूनच्या लुनेने आणि 1984 साली आलेल्या कायनेटिक होंडाने पुण्याच्या बायकांना जे स्वातंत्र्य दिले, ते पुष्कळ व्याख्यानांनी दिले नसेल. बटण दाबले की सुरू, मूठ पिळली की पुढे. त्या गाडीवर मी एम. ए. केले, नोकरी शोधली, मुलीला पाळणाघरात सोडले. तक्रार कसली करायची? पण ती मूठ माझ्या मनगटात राहून गेली होती, एवढे खरे.

बाबा आता अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. मी दूरध्वनीवरून विचारले. ते थोडा वेळ बोललेच नाहीत. मग म्हणाले, "गिअर एक खाली, चार वर आहेत का सगळे खाली?"

ही परवानगी आहे, हे सासूबाईंना समजावून सांगताना मला जरा वेळ लागला.

बिनगिअरच्या परवान्यावर गिअरची गाडी चालवता येत नाही. त्यासाठी परवान्यात वेगळा वर्ग वाढवून घ्यावा लागतो. आधी शिकाऊ परवाना, मग निदान तीस दिवसांनी परीक्षा. मी शिकाऊ परवाना काढला, पांढऱ्यावर लाल 'एल' चिकटवला आणि गुरू शोधला. माझा एक जुना विद्यार्थी गॅरेज चालवतो. वर्गात तो शेवटच्या बाकावर बसे आणि समासाचा विग्रह त्याला कधीही जमला नाही. पहिल्याच दिवशी मैदानावर तो मला म्हणाला, "मॅडम, घाई नको. क्लच पाव इंच, पाव इंच सोडायचा. पाठ करून येत नाही हे." त्याच्या आवाजात सूडाचा लवलेशही नव्हता, हे मुद्दाम नोंदवते.

क्लच म्हणजे काय, ते त्याने मला एका जुन्या गाडीचा उघडून दाखवले. एका डब्यात तेलात बुडालेल्या ताटल्यांची चळत असते. एक इंजिनाकडची, एक चाकाकडची, पुन्हा एक इंजिनाकडची, अशी. स्प्रिंगा त्यांना एकमेकींवर दाबून धरतात, म्हणून इंजिनाची ताकद चाकापर्यंत पोचते. डाव्या हाताने दांडी ओढली की स्प्रिंगांचा दाब सुटतो, ताटल्या सैल होतात, आणि इंजिन एकीकडे व चाक दुसरीकडे. दांडी सोडताना मधे एक जागा येते, तिथे ताटल्या घसरत घसरत एकमेकींना धरू लागतात. सगळी विद्या त्या जागेत आहे. ती ओलांडून हात झटकन सुटला, की गाडी एक आचका देते आणि बंद पडते. पहिल्या रविवारी मी ती सत्तावीस वेळा बंद पाडली. मुलगी मोजत होती.

स्कूटरमध्येही क्लच असतोच, फक्त तो आपल्याला विचारत नाही. इंजिनाचा वेग वाढला की त्यातले तुकडे आपोआप बाहेर फेकले जातात आणि भोवतालच्या डब्याला धरतात. गिअरच्या जागी एक पट्टा दोन कप्प्यांवरून फिरतो. कप्प्यांच्या बाजू जवळ-दूर होतात, तसा पट्टा वर-खाली सरकतो आणि वेगाचे प्रमाण बदलत राहते. मोठी हुशार रचना आहे. पंचवीस वर्षे मी तिच्यावर बसले आणि माझ्या बुडाखाली काय चालले आहे याची मला गंधवार्ता नव्हती.

इथे भाषेच्या अध्यापिकेला एक वाक्य बोलू द्या. मराठीने स्कूटर आणि मोटारसायकल दोघींना स्त्रीलिंग दिले, पण त्यांच्या पोटातले क्लच, ब्रेक, गिअर, प्लग हे सारे पुल्लिंगी. कुणी ठरवले कोण जाणे! आणि गिअर आपण 'बदलत' नाही, 'टाकतो'. विहिरीत पोहरा टाकावा तसा. पहिला टाकला, दुसरा टाकला. पायाच्या अंगठ्याखाली तो 'खट्' आवाज होतो तेव्हा क्रियापद बरोबर निवडले आहे याची खात्री पटते.

तीन आठवड्यांत मी पाचही गिअर टाकू लागले. पहिल्या-दुसऱ्याच्या मधला न्यूट्रल सापडू लागला. हिरवा दिवा लागला की लहान मुलासारखा आनंद होई. डाव्या बुटाच्या वरच्या कातड्यावर गिअरच्या दांडीचा काळा डाग पडला, तो मी पुसत नसे. आणि मग ती गोष्ट घडली.

गुरुजी मागे बसले होते. मी मैदानाबाहेरच्या रस्त्यावर, तिसऱ्यात, फार तर तीसच्या वेगाने चालले होते. उभ्या टेम्पोच्या आडून डोक्यावर पाटी घेतलेली एक बाई एकदम रस्त्यात आली. मी ब्रेक दाबला. सगळ्या ताकदीने दाबला, आणि गाडी थांबण्याऐवजी मोकळी सुटली. माझ्या डाव्या हाताने, पंचवीस वर्षांच्या सवयीने, स्कूटरचा मागचा ब्रेक दाबला होता. तिथे आता क्लच होता. इंजिन रिकामेच ओरडत होते आणि चाकांना धरायला कुणीही नव्हते. मागून "पाय! पाय!" अशी किंकाळी ऐकू आली, तेव्हा माझा उजवा पाय जागा झाला. गाडी त्या बाईच्या लुगड्यापासून वीतभर अंतरावर थांबली. तिने पाटी सावरली, माझ्याकडे पाहिले आणि म्हणाली, "बाई गं, तूच व्हय?" तिला बहुधा शिवी द्यायची होती, पण हेल्मेटात बाई पाहून ती विसरली असावी.

मी गाडी तिथेच उभी केली आणि रस्त्याच्या कडेला बसले. हातांची थरथर बराच वेळ थांबली नाही. टाके मला पडले होते ते मीच भोगले. पण त्या बाईला काही झाले असते तर? घरी आल्यावर मी किल्ली ह्यांच्यापुढे ठेवली. हे काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून मी बसने जाऊ लागले आणि साडेसातच्या तासाला पंधरा मिनिटे उशिरा पोचू लागले.

त्या शनिवारी मी बाबांकडे गेले. त्यांना ह्यांनी सांगितले असणार. चहा झाल्यावर ते म्हणाले, "दाब बघू ब्रेक." मला कळेना. त्यांनी आपली काठी माझ्या दोन्ही हातांत आडवी दिली, जमिनीवर माझ्या उजव्या पायापुढे एक चप्पल ठेवली, डाव्या पायापुढे दुसरी. "ही तुझी गाडी. डोळे मीट. मी 'बाई आली' म्हटलं की थांबायचं."

"बाबा, मी कॉलेजात शिकवते हो."

"बाई आली!"

डावा हात आवळला. बाबा हसले नाहीत. म्हणाले, "डावा हात थांबवत नाही, सोडवतो. पुन्हा."

मग त्यांनी मला जे समजावले, ते मला कुणीच सांगितले नव्हते. त्यांच्या चेतकवरून मोटारसायकलवर जाणाऱ्याला ही अडचण कधी आलीच नाही. चेतकचाही क्लच डाव्या हाताला आणि मागचा ब्रेक उजव्या पायाला. मोटारसायकलवर सवय बदलायची ती एवढीच, की गिअर मनगटातून घोट्यात उतरायचा. बिनगिअरच्या स्कूटरने पाय रिकामे केले आणि ब्रेक डाव्या हातात आणून ठेवला. त्यात माझी स्कूटर 2020 सालची. 1 एप्रिल 2019 पासून नव्या लहान दुचाक्यांना दोन्ही चाकांचे ब्रेक एकत्र लागण्याची व्यवस्था आवश्यक झाली, त्यामुळे माझ्या डाव्या हातात पुढचा ब्रेकही थोडासा आला होता. सारा भरवसा डाव्या हातावर आणि उजवा पाय पंचवीस वर्षे पायपुशीवर नुसता बसून. "तुझी चूक नाही," बाबा म्हणाले. "पण चुकीची सवय तुझीच आहे, ती तुलाच मोडायची."

तासभर आम्ही तो खेळ खेळलो. आई आतून दोनदा येऊन बघून गेली. पन्नास वेळा 'बाई आली' झाल्यावर चपलेवर पाय आधी पडू लागला, आणि उजव्या हाताची बोटे बरोबरीने आवळू लागली. काठी परत देताना मी सहज विचारल्यासारखे विचारले, "बाबा, तेव्हा मला का नाही शिकवलीत?"

त्यांनी काठी कोपऱ्यात ठेवली. "तुझे पाय पोचत नव्हते," ते म्हणाले.

मी दादापेक्षा दोन बोटे उंच होते. पण अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी माणसाला काही गोष्टी आठवत नसल्या तर त्या आठवून देऊ नयेत, म्हणून मी चपला जागेवर ठेवल्या.

परीक्षा आळंदी रस्त्यावर झाली. पाय जमिनीला न टेकता आठचा आकडा काढायचा. पहिल्या वेळी पाय टेकला आणि मी नापास झाले. विद्यार्थ्यांना नापास करण्यात जन्म घालवलेल्या व्यक्तीने एकदा तरी नापास व्हावे. सात दिवसांनी पुन्हा यायला सांगतात. त्या सात दिवसांत गुरुजींनी युक्ती सांगितली: पुढच्या ब्रेकला हात लावायचा नाही, क्लच अर्धा धरून ठेवायचा, मागच्या ब्रेकवर पाय हलका, आणि नजर चाकापुढे न ठेवता जिथे जायचे तिथे. दुसऱ्या वेळी जमले. मैदानात परीक्षेला आलेली बाकीची सगळी अठरा-वीस वर्षांची पोरे होती. एकाने मला विचारले, "काकू, मुलाबरोबर आलात?"

जूनमध्ये कॉलेज उघडले आणि मी घाटात गेले. चढाविषयी सांगण्यासारखे थोडे आहे. दुसऱ्या गिअरात गाडी कुरकुर न करता चढते. मजा उताराची. स्कूटरवर उतरताना मूठ सोडली की इंजिनाची पकड फारशी जाणवत नसे. सारा भार ब्रेकवर, आणि पायथ्याशी मस्तानी तलावाच्या बाजूला पोचेपर्यंत जळका वास येई. मोटारसायकल तिसऱ्यात किंवा दुसऱ्यात ठेवली आणि मूठ सोडली, की इंजिनच चाकाला मागे ओढून धरते. ब्रेक वळणापुरता लागतो. पुष्कळ लोक पेट्रोल वाचवायला उतारावर गाडी न्यूट्रल करतात. बाबांनी दोन वेळा बजावून सांगितले होते, "उतारावर न्यूट्रल केलीस तर याद राख." ज्या वळणाशी मी पडले होते तिथे पुन्हा खडी होती. गाडी जरा थरथरली आणि पलीकडे गेली. मी मागे वळून पाहिले नाही. घाटात पाहायचेही नसते.

मोटारसायकल सगळ्याच बाबतीत सरस आहे असे मात्र मी म्हणणार नाही. तिला डिकी नाही. मेथीच्या दोन जुड्या आणि उत्तरपत्रिकांचा गठ्ठा एकाच वेळी न्यायचा तर स्कूटरच हवी. साडी नेसून मोटारसायकल चालवता येत नाही. साडीच्या दिवशी मी साडी पिशवीतून नेते आणि स्टाफरूममध्ये नेसते. मंडईच्या गर्दीत दर दहा पावलांवर क्लच आवळून डावा पंजा दुखतो. शिवाय गाडी जड. स्कूटरपेक्षा तीसेक किलोंनी जास्त. एकदा स्टँड नीट लागला नाही आणि ती कलंडली, तर दोन विद्यार्थ्यांना हाक मारावी लागली. म्हणून हडपसरात माझी स्कूटर अजून चालते. तिच्यावरून उतरून मोटारसायकलवर बसताना मी प्रत्येक वेळी, गाडी सुरू करण्याआधी, डोळे मिटून एकदा 'बाई आली' म्हणते आणि उजवा पाय दाबते. सिग्नलला शेजारचे लोक बघतात. बघू देत.

ह्यांच्या रविवारच्या कार्यक्रमात बदल झाला आहे. आता ते खाली येऊन साखळीला तेल घालतात आणि मला सांगतात की साखळी सैल आहे. ती कधीच फारशी सैल नसते. मुलगी अठरा वर्षांची झाली आहे. तिचा शिकाऊ परवाना आला.

दिवाळीच्या पाडव्याला मी गाडी घेऊन नारायण पेठेत गेले. बाबा काठी टेकत खाली उतरले. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली आणि वाकून डाव्या बाजूला काहीतरी शोधू लागले.

"पेट्रोलचा कॉक कुठे आहे हिचा? आणि चोक?"

"नसतो बाबा आता. इंजेक्शनची गाडी आहे."

"मग बिघडली तर करता काय तुम्ही?" त्यांनी विचारले. उत्तराची वाट न पाहता सीटवर हात ठेवला, एक पाय उचलून पाहिला, पुन्हा खाली ठेवला. मी म्हटले, "बसता का? गल्लीच्या टोकापर्यंत?" त्यांनी मान हलवली आणि वर बोट दाखवले. आई गॅलरीत उभी होती.

"तू जा. मी वरून ऐकतो."

ते वर पोचेपर्यंत मी थांबले. मग गाडी सुरू केली, क्लच पाव इंच पाव इंच सोडला, गल्लीतून पहिल्यात निघाले, दुसरा टाकला, कोपऱ्यावर तिसरा टाकला आणि एक फेरी मारून परत आले. वर पाहिले. बाबा कठड्यावर हात ठेवून उभे होते.

"तिसऱ्याला उशीर केलास," ते म्हणाले. "फिरून ये पुन्हा."